वसतिगृहापासून पडद्यापर्यंत : कोल्हापुरातील दूरस्थ शिक्षणाची घडण

कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणाचा इतिहास अंतराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याचा सपाट, नदीकाठचा मुलूख आणि पश्चिमेकडे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड असा सह्याद्रीला टेकलेला पावसाळी पट्टा, यांच्या मध्ये कोल्हापूर शहर वसले असल्याने, उच्च शिक्षणाची इच्छा असलेल्या मुलाला घर सोडायचे की शिक्षण सोडायचे, हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घ्यावा लागला. चंदगडहून कोल्हापूर आजही शंभर किलोमीटरहून दूर आहे. आणि अंतर केवळ रस्त्याचे कधीच नव्हते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर पाळी करणारा कामगार, साखर कारखान्याच्या हंगामात अडकलेला शेतकऱ्याचा मुलगा किंवा बारावीनंतर लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी महाविद्यालयापासून दोन मैलांवर राहत असली, तरी तेथील सकाळच्या तासिकेपासून ती तितकीच दूर असते. शिक्षक व विद्यार्थी एका छताखाली न येता संगणक आणि इंटरनेट यांच्या साहाय्याने चालणाऱ्या अध्यापनाला आज आभासी किंवा ऑनलाईन शिक्षण म्हणतात. ते या जुन्या प्रश्नाचे सर्वांत अलीकडचे उत्तर आहे, आणि त्याचे मोल आधीच्या उत्तरांशी ताडून पाहिल्यावाचून ठरवता येत नाही.

पहिले मोठे उत्तर राजर्षी शाहू महाराजांचे होते. राजाराम महाविद्यालयाच्या रूपाने कोल्हापुरात १८८० पासून उच्च शिक्षणाची सोय झालेली होती. परंतु खेड्यातील बहुजन समाजाच्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती, जेवायला पंगत नव्हती आणि जातीच्या बंधनांमुळे कोणाच्या घरी आसरा मिळण्याची शक्यताही फारशी नव्हती. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढील दोन दशकांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जाती व इतर समाज यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली. या वसतिगृहांचा गौरव सामाजिक न्यायाच्या अंगाने नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. मात्र शैक्षणिक व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही ती एक मूलगामी रचना होती, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराजांनी महाविद्यालयात बदल करण्याआधी महाविद्यालय आणि विद्यार्थी यांच्या मधली जागा बांधून काढली. निवास, भोजन, देखरेख, अभ्यासाची सोबत आणि खर्चाची तरतूद ही सारी जबाबदारी त्या मधल्या जागेने उचलली, म्हणून शिक्षण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही शाळा, शिक्षक आणि पैसा यांची जोड त्या निर्णयाला दिली गेली होती.

दुसरे उत्तर विद्यार्थ्याला शहरात आणण्याऐवजी संस्थेलाच खेड्याकडे नेण्याचे होते आणि त्याचे नाव जे. पी. नाईक यांच्याशी जोडलेले आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या नाईकांनी १९४० च्या दशकात कोल्हापूर संस्थानात विकासकार्याची जबाबदारी सांभाळली आणि १९४७ मध्ये भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाच्या उभारणीत पुढाकार घेतला. हेच नाईक पुढे १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या भारतीय शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी सायंकालीन महाविद्यालये आणि पत्रद्वारा शिक्षण यांच्यामार्फत शिकावेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. पत्रद्वारा शिक्षण म्हणजे छापील पाठ टपालाने पाठवायचे, विद्यार्थ्याने उत्तरे लिहून परत पाठवायची आणि शिक्षकाने ती तपासून शेऱ्यांसह पुन्हा रवाना करायची, अशी पद्धत. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी लघुलेखन शिकवण्यासाठी ती वापरली होती आणि भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये ती पदवी शिक्षणाला लागू केली. देशातील दूरस्थ शिक्षणाच्या धोरणाचा पाया घालणाऱ्या अहवालामागे कोल्हापूरच्या डोंगराळ भागातून आलेला आणि गारगोटीचा अनुभव गाठीशी असलेला शिक्षणतज्ज्ञ उभा होता, ही गोष्ट कोल्हापूरच्या शिक्षणाबद्दल लिहिताना विसरली जाऊ नये.

दिल्लीत पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या या विद्यापीठाची धुरा इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार यांनी पहिले कुलगुरू म्हणून वाहिली. सागरमाळावरील उजाड जमिनीवर इमारती, ग्रंथालय, विभाग आणि झाडी उभी करण्याचे काम त्या काळात झाले आणि श्रम करून शिकण्याची, म्हणजे कमवा आणि शिका या तत्त्वाची, परंपराही विद्यापीठाने जपली. तरीही हे विद्यापीठ मूलतः संलग्नता देणारे होते. अध्यापन महाविद्यालयांनी करायचे आणि अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी यांची जबाबदारी विद्यापीठाने घ्यायची, ही १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाबरोबर आलेली रचनाच येथे पुढे चालली.

या रचनेत जो महाविद्यालयात येऊ शकत नाही त्याच्यासाठी एकच दार होते, आणि ते बहिस्थ विद्यार्थ्याचे. बहिस्थ म्हणजे महाविद्यालयात प्रवेश न घेता परस्पर विद्यापीठाकडे नाव नोंदवून परीक्षेला बसणारा विद्यार्थी. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये महाविद्यालयीन उपस्थितीची अट काढून टाकली, तेव्हापासून या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली आणि भारतातील अनेक विद्यापीठांनी प्रारंभी ती सवलत विशेषतः नोकरी करणारे शिक्षक आणि स्त्रिया यांना दिली. दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य प्राथमिक शिक्षक, कारकून आणि गृहिणी यांच्या पदव्यांवर या दाराचा ठसा आहे. परंतु ते दार परीक्षेचे होते, शिक्षणाचे नव्हते. विद्यार्थ्याने अर्ज भरायचा, शुल्क भरायचे, बाजारात मिळतील ती मार्गदर्शके वाचायची आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा केंद्रावर हजर व्हायचे. मधल्या दहा महिन्यांत त्याच्या अभ्यासाची जबाबदारी कोणावरही नव्हती. शाहू महाराजांनी जी मधली जागा बांधली होती, तीच येथे रिकामी राहिली.

ही रिकामी जागा भरण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत धाडसी प्रयत्न कोल्हापूरबाहेर झाला, पण त्याचे परिणाम कोल्हापुरात खोलवर उमटले. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी सुरू झाल्यानंतर मुक्त विद्यापीठाची कल्पना जगभर पसरली होती. भारतात १९८२ मध्ये हैदराबादला आणि १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या रूपाने ती आली. मुक्त या शब्दाचा येथील अर्थ असा, की प्रवेशासाठी पूर्वीच्या प्रमाणपत्राची, वयाची आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहण्याची सक्ती शक्य तितकी सैल करायची. बारावी न झालेल्या प्रौढ व्यक्तीला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीला प्रवेश घेता येऊ लागला, ही त्या काळातील महाराष्ट्रात क्रांतिकारक गोष्ट होती.

पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. संस्थेतील बदलाचे नेतृत्व म्हणजे काय, याचा अभ्यास करायचा असेल तर त्यांच्या कामाकडे वळावे लागते, कारण जुन्या विद्यापीठात एखादा नवा विभाग जोडण्याऐवजी येथे शिक्षकाच्या कामाचीच नव्याने फोड करण्यात आली. पारंपरिक महाविद्यालयात एकच प्राध्यापक अभ्यासक्रम समजावतो, टिपणे देतो, शंका सोडवतो आणि पेपर तपासतो. मुक्त विद्यापीठात अभ्यासक्रमाची आखणी करणारा, पाठ लिहिणारा, त्याचे शैक्षणिक संपादन करणारा, दृक्‌श्राव्य साहित्य बनवणारा आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटणारा अशा वेगवेगळ्या माणसांत ते काम वाटले गेले. विद्यार्थ्याला भेटणाऱ्या शिक्षकासाठी समंत्रक हा नवा शब्द रुळला, कारण त्याने व्याख्यान द्यायचे नसून, विद्यार्थ्याने आधी वाचून आणलेल्या मजकुरातील अडचणी सोडवायच्या होत्या. ही भेट जेथे घडते ते अभ्यासकेंद्र आणि ती ज्या ठरावीक दिवशी घडते ते संपर्कसत्र. विद्यापीठाने आपली विभागीय केंद्रे राज्यभर उघडली, त्यांपैकी एक कोल्हापुरात आहे, आणि अभ्यासकेंद्रांसाठी नव्या इमारती न बांधता चालू महाविद्यालयांच्याच वर्गखोल्या सुटीच्या दिवशी वापरल्या. सोमवार ते शनिवार तरुण मुलांनी भरलेल्या बाकांवर रविवारी बस वाहक, अंगणवाडी सेविका, गिरणी कामगार आणि मध्यमवयीन गृहिणी बसू लागल्या. रविवारच्या त्या वर्गाने दक्षिण महाराष्ट्रात जे केले, त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात मानाने व्हायला हवी.

या व्यवस्थेतही उणिवा होत्या आणि त्या झाकण्याचे कारण नाही. काही ठिकाणी संपर्कसत्र कागदावरच राहिले, समंत्रकाने व्याख्यानाचीच जुनी सवय चालवली, पुस्तके परीक्षेच्या तोंडावर हातात पडली. मुळात प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याच्या तासिकांवर मोजला जात असल्याने, पाठ लिहिणे किंवा रविवारी शंका सोडवणे हे मानधनावरचे जादा काम ठरले. काम मोजण्याची फूटपट्टी जुनीच राहिली, तर नवी रचना जुन्या सवयींत विरघळून जाते, हे येथे स्पष्ट दिसते.

कोल्हापूरच्या विद्यापीठाने दुसरा मार्ग धरला. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात, २००७-०८ च्या सुमारास, शिवाजी विद्यापीठात दूरशिक्षण केंद्र कार्यरत झाले आणि तोवर केवळ परीक्षेपुरता विद्यापीठाशी संबंध असलेल्या बहिस्थ विद्यार्थ्याला पहिल्यांदा विद्यापीठाच्या नावाने छापलेले पुस्तक मिळू लागले. स्वयं-अध्ययन साहित्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकांची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रस्तावना, विषय विवेचन, मध्येमध्ये विद्यार्थ्याने स्वतःला तपासण्यासाठीचे प्रश्न, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द, त्या प्रश्नांची उत्तरे, सरावासाठी स्वाध्याय आणि अधिक वाचनासाठी पुस्तके अशी त्यांची मांडणी असते. वर्गात शिक्षक जे थांबे घेतो, जी पुनरुक्ती करतो आणि जे उलट प्रश्न विचारतो, ते कागदावर आणण्याचा हा प्रयत्न होता. घटक लेखक म्हणून विद्यापीठातील विभागांबरोबरच सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राध्यापक कामाला लागले आणि अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांतील मराठी पाठ्यसाहित्यात त्यामुळे मोलाची भर पडली. ही पुस्तके नियमित विद्यार्थीही आवर्जून वापरतात, यातच त्यांची खरी पावती आहे.

नाशिक आणि कोल्हापूर या दोन मार्गांची तुलना केली, तर प्रत्येकाचे बळ व मर्यादा उघड होतात. नाशिकने नवी संस्था उभारली, त्यामुळे नियम, पदे आणि वेळापत्रक नव्याने ठरवण्याची मोकळीक मिळाली, पण पदवीची प्रतिष्ठा शून्यातून कमवावी लागली आणि मुक्त विद्यापीठाचा पदवीधर कमी दर्जाचा, हा अन्यायकारक समज नोकरीच्या बाजारात बरीच वर्षे टिकला. कोल्हापूरने जुन्या विद्यापीठाच्या पोटात नवे केंद्र वाढवले, म्हणून त्याला अभ्यासक्रम, परीक्षा आणि नाव तयार मिळाले, विद्यार्थ्याच्या पदवीवर शंका घेतली गेली नाही. मात्र वेळापत्रकापासून निकालापर्यंत सर्व गोष्टी नियमित विद्यार्थ्यासाठी आखलेल्या यंत्रणेवर अवलंबून राहिल्या. पारंपरिक विद्यापीठाने आपल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयांना बरोबर घेऊन हा बदल केला, हे त्याचे मोठे श्रेय आहे, आणि केंद्राला स्वतंत्र शिक्षकवर्ग व पुरेशी स्वायत्तता देण्याचा प्रश्न त्यामुळेच मागे राहतो, हेही तितकेच खरे आहे.

तिसरी रचना याच काळात बाजूने वाढत होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या शिक्षणक्रमासाठी तालुक्याच्या गावांतील खासगी संगणक वर्गांनाच अधिकृत केंद्रांचा दर्जा दिला. गडहिंग्लज, मलकापूर, कागल यांसारख्या ठिकाणच्या तरुणांनी संगणकाच्या पडद्यावर शिकणे आणि पडद्यावरच परीक्षा देणे पहिल्यांदा अनुभवले, ते बहुधा अशा वर्गांतच. प्राथमिक शिक्षणात, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून कागद आणि पडदा यांची सांगड घातली. राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ती कल्पना स्वीकारली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि आतापर्यंत बाजूच्या दारापुरता असलेला बदल एकाच वेळी सर्वांवर येऊन आदळला. प्राध्यापकांनी मोबाइलवर तासिका घेतल्या, शिक्षकांनी व्हॉट्‌सॲपच्या गटांवर गृहपाठ पाठवला, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची टिलीमिली ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणे बंधनकारक ठरले आणि राज्यातील विद्यापीठांना काही आठवड्यांत ऑनलाईन परीक्षेची यंत्रणा उभी करावी लागली. या धांदलीला आभासी शिक्षण म्हणण्यापेक्षा आणीबाणीतील दूरस्थ अध्यापन म्हणणे अधिक योग्य आहे, कारण घटकाची बांधणी, स्वयं-तपासणीचे प्रश्न, संपर्कसत्र यांसारखे दूरशिक्षणाने चाळीस-पन्नास वर्षांत मिळवलेले शहाणपण त्यात क्वचितच उतरले होते. पश्चिमेकडील वाड्या-वस्त्यांत मुले मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माळावर आणि टेकडीवर जाऊन बसत होती. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा नदीला पुन्हा महापूर आला, तेव्हा पूरग्रस्त गावांत विजेबरोबर वर्गही गेला. ऑगस्ट २०१९ च्या पुराने ज्यांची वह्या-पुस्तके भिजवली होती, त्यांतील अनेकांना दोन वर्षांनी पडदाही दगा देऊन गेला.

त्यानंतरचा टप्पा नियमांचा आहे. दूरस्थ शिक्षणाचे नियमन २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले होते. आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये नवे विनियम काढून मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाईन शिक्षण एकाच चौकटीत आणले आणि राष्ट्रीय मूल्यांकनात ४ पैकी किमान ३.२६ गुण मिळवणाऱ्या विद्यापीठांना ऑनलाईन पदवीचा मार्ग खुला केला. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.५२ गुणांसह ए प्लस प्लस मानांकन मिळाले, त्यामुळे ही वाट त्याच्यासाठी मोकळी झाली आणि दूरशिक्षण केंद्राचे रूपांतर दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षण केंद्रात झाले. ऑनलाईन पाठाची घडण येथे चार भागांची मानली जाते : ध्वनिचित्रफीत, वाचनाचा मजकूर, शंका-चर्चेची जागा आणि मूल्यमापन. यांपैकी पहिले दोन भाग पैसा व कौशल्य असले की तयार होतात, चौथा नियमाने करावाच लागतो. दुर्लक्ष होते ते तिसऱ्याकडे, म्हणजे वसतिगृहातील सोबतीचे आणि रविवारच्या वर्गाचे काम ज्याने करायचे, त्याच भागाकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाईन पदव्या नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे पुन्हा स्पष्ट केले, त्यामुळे कागदावरचा भेद आता उरलेला नाही.

म्हणूनच विद्यापीठाची अधिकार मंडळे, संस्थाचालक आणि महाविद्यालयांचे प्राचार्य यांना एक विनंती करणे आवश्यक आहे. ऑनलाईन शिक्षणक्रमांची संख्या वाढवण्याआधी चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा आणि शाहूवाडी या तालुक्यांत प्रत्येकी किमान एक खोली अशी निश्चित करावी, जिथे वीज गेली तरी दिवा लागेल, इंटरनेटची खात्रीची जोडणी असेल, छापील पुस्तकांचा संच ठेवलेला असेल आणि दर रविवारी एक शिक्षक हजर असेल, ज्याचे ते काम त्याच्या नियमित कार्यभारात मोजले जाईल.